‘चव घेतो, पीत नाही’



वारकऱ्याच्या घरात दारू शिरायची ती मागच्या दाराने. पिणारा अंधार पडल्यावर यायचा, भिंत धरून यायचा, आणि सकाळी मान वर करून बोलायचा नाही. त्याला लाज होती. लाज असलेल्या माणसाला परत आणता येते. अशी माणसे माळ घालून परत आलेली मी पाहिली आहेत, त्यांतली काही पुढे दिंडीत विणा घेऊन चालली. आता मात्र ती पुढच्या दाराने येते आहे. तिच्या हातात गुणपत्रक आहे. ती स्वतःला दारू म्हणवून घेत नाही, ‘टेस्टिंग’ म्हणवून घेते. घरातला शिकलेला मुलगा सांगतो, ‘मी पीत नाही हो, मी चव घेतो,’ आणि आपण माळकरी माणसे त्या एका वाक्यापुढे गप्प बसतो. माझे भांडण त्या मुलाशी थोडे आहे. आपल्या गप्प बसण्याशी पुष्कळ आहे.

वाचकहो, हा प्रकार काय आहे ते आधी सांगतो. पूर्वपक्ष पुरता मांडल्याशिवाय सिद्धान्ताला उभे राहू नये, ही आमच्या गुरुजनांची शिस्त. ऐकीव गोष्टीवर झोड उठवणारा कीर्तनकार टाळ्या घेतो, पण समोरचा माणूस त्याच्या हातातून निसटतो.

आमचे मलकापूर शाहूवाडी तालुक्यात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडे. या भागात दारूच्या दोनच जाती सगळ्यांना माहीत: परवान्याच्या दुकानातली आणि डोंगराच्या कपारीत लावलेल्या भट्टीची. तिसरी जात पुण्या-मुंबईची. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ या नावाने राज्यातली पहिली लहान बिअरभट्टी निघाली. त्यांच्या बोलीत ‘मायक्रोब्रुअरी’. २०१४ साली पुण्यातच ‘इंडिपेन्डन्स ब्रुइंग कंपनी’ आली, आणि मग त्या वाटेने पुष्कळ आले. मोठ्या कारखान्याची बिअर बाटलीत भरून गावोगाव जाते. या लहान भट्टीची बहुतेक बिअर तिथेच, काचेपलीकडच्या चकचकीत टाक्यांतून नळाने पेल्यात येते. तिला ‘क्राफ्ट बिअर’ म्हणतात. क्राफ्ट म्हणजे हातची कारागिरी, कुंभाराची-विणकराची असते तशी. शब्द कुठून कुठे आला बघा.

करणीही सांगतो. सातू, म्हणजे जव, भिजवायचा, मोड आणायचे, वाळवून भाजायचा. आपल्या बायका बाळासाठी नाचणीचे सत्त्व करतात त्याची सुरुवात अशीच असते. मग भरड करून गरम पाण्यात ठेवायची, म्हणजे पिठातली गोडी पाण्यात उतरते. ते गोड पाणी गाळून उकळायचे आणि उकळताना हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले टाकायची. थंड झाले की यीस्ट सोडायचे. ते किण्व गोडी खाऊन टाकते आणि मागे मद्यार्क व बुडबुडे ठेवते. गव्हाची केली तर तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो म्हणतात, जव करपेपर्यंत भाजला तर कॉफीचा. पुण्याकडे कोणी त्यात कोकम घालतो, कोणी जांभूळ, कोणी बाजरी.

हे मला पुस्तकातून कळले नाही. गेल्या कार्तिकीनंतर डोळे दाखवायला पुण्यास गेलो तेव्हा नात्यातल्या एका घरी चार दिवस उतरलो होतो. घर माळकऱ्याचे. मुलाचे आजोबा आमच्या फडावरचे विणेकरी. मुलगा संगणकावर काम करतो, तिशीचा आहे, स्वभावाने गोड. लहानपणी भजनात टाळ अर्धी मात्रा पुढे गेला की तो बरोबर मान वळवून बघायचा. असा कान शंभरात एकाला असतो. त्याने मला आपली वही दाखवली. लपवून नव्हे, कौतुकाने दाखवली. एकेका बिअरचे पान होते. त्यावर ५० गुणांचा तक्ता: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण ठशाला १०. हा तक्ता अमेरिकेतला. तिथे १९८५ साली बिअरचे परीक्षक तयार करणारी संस्था निघाली, त्यांची ही पद्धत. मुलगा परीक्षक नाही, हौसेने त्या तक्त्यावर गुण देतो. मोबाइलवर पाच ताऱ्यांपैकी तारे द्यायची सोय आहे ती वेगळी. तिथे पाव-पाव ताऱ्याचा हिशेब चालतो.

मी विचारले, ‘तोंडात घोळवून थुंकून टाकता ना?’

‘नाही आबा. वाइनची चव घेणारे थुंकतात. बिअरचा कडूपणा गिळल्यावर मागून कळतो, म्हणून ती गिळावीच लागते.’

‘मग एका बैठकीत किती?’

‘सहा छोटे पेले असतात. शंभर-शंभर मिलिलिटरचे.’

मंडळी, मी संस्कृत पाठशाळेत शिकलेला माणूस, पण एवढे गणित मलाही येते. ६ पेले म्हणजे ६०० मिलिलिटर. शंभरात ५ भाग मद्यार्क धरला तर ३० मिलिलिटर निव्वळ मद्यार्क. आपल्याकडच्या व्हिस्कीत तो शंभरात ४२.८ असतो, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये १३च्या आत. तेव्हा ‘चव घेणाऱ्या’च्या पोटात दोन पेगांहून जास्त गेले. शब्द बदलल्याने पोटातला हिशेब बदलत नाही. यकृताला वही वाचता येत नाही.

आता त्यांची बाजू. ती पोकळ नाही, म्हणूनच आपण गप्प बसतो.

ते म्हणतात, आंबवणे हे आपलेच शास्त्र आहे. खरे आहे. आंबील आपली. यल्लम्माच्या नैवेद्याला आंबील-घुगऱ्या याच मुलखात होतात. इडली आंबते, ताक आंबट होते. पण आंबील उन्हातून आलेल्या माणसाला गार करायला केली जाते. ती पिऊन कोणी वाट चुकला, कोणाच्या पोराची फी राहिली, असे कोणी ऐकले आहे का? आंबवण्याला पाप म्हणणारा मी नाही. आंबवून शेवटी पेल्यात काय उरते आणि ते कशासाठी पितात, एवढेच विचारतो.

ते म्हणतात, प्राचीन काळी सुराही होती आणि तिचे प्रकारही मोजत होते. हेही खरे. स्मृतीत सुरेच्या तीन जाती सांगितल्या आहेत: गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी, मोहाची-मधाची ती माध्वी. ही आजची क्राफ्ट बिअर म्हणजे उघड पैष्टी. वर्गवारी करणारे आमच्याकडेही होते, पण त्यांनी तिन्ही जाती मोजल्या त्या तिन्ही सोडाव्यात म्हणून. एक सुटली आणि दोन राहिल्या असे कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी ती मोजणी.

ते म्हणतात, यात आमच्या शेतकऱ्याचा माल खपतो. इथे मला राग येतो. हॉप्सचे वेल आपल्या शिवारात नाहीत. हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात थोडे होतात, बाकी फुले बाहेरच्या देशांतून येतात, मुख्य म्हणजे जर्मनी आणि अमेरिकेतून. जवही कोल्हापूर-साताऱ्याचे पीक नाही. तो राजस्थान, उत्तर प्रदेशाकडचा, नाहीतर परदेशी. उरले मूठभर कोकम. त्या मुठीच्या बळावर पेल्याला ‘स्थानिक’ म्हणायचे. शेतकऱ्याचे नाव घेऊन दारू पुढे सरकवायची रीत नवी नाही. २००७ साली राज्याने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले, तेव्हा ज्वारी-बाजरीवाल्याचे नाव पुढे होते. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकायला मान्यता दिली, तेव्हा द्राक्षवाल्याचे. त्या वेळी बंडातात्या कराडकर आणि वारकरी मंडळी साताऱ्यात रस्त्यावर उतरली. पुढे तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. म्हणजे आपण बोललो तर ऐकले जाते. मग या पेल्याबद्दल आपण का बोलत नाही?

आणि शेतकऱ्याचेच नाव घ्यायचे तर आपणही आरशात बघावे. आपला जिल्हा उसाचा. साखरेमागे मळी येते आणि मळीतून मद्यार्क निघतो. तो कुठे कुठे जातो हे कारखान्याच्या सभासदाला विचारायची आपल्यात रीत नाही. हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण टाळून पुढे गेलो असे कोणी म्हणायला नको.

पाण्याचेही बोलतो. एक लिटर बिअर म्हणजे एक लिटर पाणी, असे नसते. धुणे, उकळणे, गार करणे यांत त्याच्या कितीतरी पट पाणी जाते. २०१६च्या एप्रिलात आपल्या शेजारच्या मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी गेले. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्यकारखान्यांचे पाणी निम्म्याने कापायचा आदेश दिला. तहानलेल्या गावाला आगगाडीची वाट बघावी लागते आणि बिअरच्या कारखान्याचे पाणी कापायला न्यायालयाला सांगावे लागते. हे मोठ्या कारखान्यांचे झाले. लहान भट्टीला पाणी कमी लागते ते ती लहान असते म्हणून. एका पेल्यामागचा तिचा हिशेब काही पुण्याईचा नसतो.

ते असेही म्हणतात की विषारी हातभट्टीपेक्षा ही स्वच्छ बिअर बरी. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. त्या माणसांपुढे कोकम घातलेल्या बिअरचा पेला कधी आला असता का? शेतात दिवसभर भांगलण करणाऱ्या बाईची मजुरी त्या एका पेल्यात संपते. हातभट्टी पिणारा आणि हा पेला पिणारा हे दोन वेगळे लोक आहेत. एकाचे मरण दुसऱ्याच्या हौसेला प्रमाणपत्र म्हणून लावू नये. उलट बघा, कपारीत डबा लावणाऱ्यावर उत्पादन शुल्कवाल्यांची धाड पडते, डबा फुटतो, त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. पुण्यात टाकीवर दिवे सोडून तेच किण्व दाखवले की ते पाहायला तिकीट लागते आणि पाहणाऱ्याला रसिक म्हणतात. मी डबेवाल्याची बाजू घेत नाही, त्याचा डबा फुटावाच. फक्त एकाला गुन्हेगार आणि दुसऱ्याला कारागीर म्हणताना आपली जीभ अडखळत नाही, ही गोष्ट मला सलते.

सरकारचे तर विचारूच नका. आपल्या राज्याचा कायदा १९४९चा, नावाने दारूबंदीचा. संविधानाचे ४७वे कलम राज्याला मद्यबंदीकडे जायला सांगते. आणि त्याच कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना मिळतो, तो कशासाठी? आरोग्य राखण्यासाठी. अर्जातली भाषाच तशी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले, तंबाखूच्या पंगतीला. २०२३च्या जानेवारीत तर त्या संघटनेने स्पष्ट सांगितले की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे प्रमाणच नाही. आपल्याकडे मात्र परवाना आरोग्याचा.

पण हे सगळे मुद्दे एकीकडे राहू द्या. पाणी, मजुरी, कायदा यांवर कोणीही लिहील. वारकऱ्याने लिहायचे ते त्या ५० गुणांविषयी.

मी ती वही पुन्हा पुन्हा बघितली. मुलाचे अक्षर सुरेख. एका पानावर लिहिले होते की वास संत्र्याच्या सालीसारखा, कडूपणा उशिरा येतो आणि रेंगाळतो. हे लक्ष देणे खोटे नव्हते. लाकडी खोडात बसवलेला कान जसा पखवाजाची शाई ओळखतो, तशी त्याची जीभ तयार झाली होती. हे मी मान्य करतो आणि म्हणूनच मला वाईट वाटले. त्या वहीत ५० गुण होते आणि त्यांत घरच्या माणसाला एकही गुण नव्हता. पेला ठेवल्यावर गाडी कोणी चालवली, त्याला गुण नाही. शनिवारची रात्र तिथे गेली तेव्हा बायको कोणाबरोबर जेवली, त्याला नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती हे कोणाच्या लक्षात होते, त्याला नाही. पेल्याच्या काठापाशी परीक्षा सुरू होते आणि घशापाशी संपते. जे मद्य करते ते सगळे घशाच्या पुढे करते. परीक्षकाने नेमके तेवढे वगळले आहे, आणि उरलेल्याची इतकी बारीक मोजणी केली आहे की वगळलेले कोणाच्या ध्यानात येऊ नये.

तुम्ही म्हणाल, आंब्याची परीक्षा करणाराही घरच्यांना गुण देत नाही. बरोबर. पण आंबा खाऊन कोणी घरच्यांना विसरत नाही. ज्या पदार्थाचा धर्मच परीक्षकाची शुद्ध हलवणे हा आहे, त्याची परीक्षा त्याच्याच अमलाखाली कशी करणार? पहिल्या पेल्याचा न्यायाधीश आणि सहाव्या पेल्याचा न्यायाधीश एकच का? मी हे मुलाला विचारले. तो हसला आणि म्हणाला, ‘आबा, म्हणून हलकी आधी आणि कडक शेवटी घेतात.’ उत्तर हजरजबाबी होते. पण त्यातच त्याने कबूल केले की क्रम लावावा लागतो, कारण जीभ दर पेल्याला बधिर होत जाते.

महाभारतातले शुक्राचार्यांचे आख्यान तुम्ही कीर्तनात ऐकले आहे. कच हा बृहस्पतीचा मुलगा, शुक्राचार्यांकडे संजीवनी शिकायला आलेला. दैत्यांनी त्याला दोनदा मारले, दोनदा गुरूने उठवला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला जाळून त्याची राख सुरेत कालवली आणि तो पेला खुद्द गुरूच्या हातात दिला. शुक्राचार्य प्याले. कीर्तनकार इथून देवयानीच्या रडण्याकडे वळतात, कारण तिथे श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी येते. मीही वळत असे. पण या पेल्यापाशी जरा थांबा. शुक्राचार्य काही अडाणी पिणारे नव्हते. नीतीचे आचार्य, मेलेल्याला उठवणारी विद्या जाणणारे, सुरेचे सवयीने जाणकार. अशा माणसाच्या जिभेवरून आपल्या शिष्याची राख गेली आणि जिभेला कळले नाही. चव तर लागलीच असेल, बरीही लागली असेल. पेल्यात कोण आहे ते मात्र पोटातून हाक आल्यावर कळले. शिष्याला बाहेर काढायचे तर गुरूचे पोट फाटणार, अशी वेळ आली. तेव्हा कुठे शुक्राचार्यांनी सुरेला मर्यादा घातली. त्यांनी ती ब्राह्मणापुरती घातली. आपल्या संतांच्या वाटेने ती तुळशीच्या माळेबरोबर सगळ्या जातींना दिली, कुणब्याला, माळ्याला, महाराला, कुंभाराला, शिंप्याला. मद्य सोडण्याचा जो मान पोथीने एका वर्णाला दिला होता तो पंढरीच्या वाटेवर सगळ्यांना मिळाला. माळकऱ्याचा नातू आज तो मान पाव ताऱ्याच्या हिशेबात परत करतो आहे, आणि त्याला वाटते की तो आजोबांपेक्षा पुढे गेला.

एकनाथी भागवत वाचणाऱ्यांना अवधूताचे चोवीस गुरू आठवतील. त्यांत मासा आहे. गळाला लागलेला मासा भुकेने लागत नाही, तळ्यात खायला पुष्कळ असते. तो जिभेने लागतो. तिथे अवधूत यदुराजाला सांगतो की बाकीची इंद्रिये उपवासाने दमतात, जीभ मात्र उपवासाने आणखी वखवखते, म्हणून ती जिंकल्याशिवाय काही जिंकले असे धरू नये. आता विचार करा, जिचा एवढा धाक शास्त्राने घेतला त्या जिभेला कोणी रोज तालीम देतो, तिचे लाड वहीत टिपून ठेवतो आणि या शनिवारी कालच्यापेक्षा वेगळे काय मिळेल याची वाट बघतो. दारुड्याला एकच दारू पुरते. या रसिकाला एक कधीच पुरत नाही. प्रत्येक नवी बिअर हे त्याचे राहिलेले काम असते. मुलाच्या वहीत दोनशेच्या वर पाने भरली होती.

‘रसिक’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो त्यांनी आपल्याकडून नेला आहे. रस, गोडी, चोखंदळपणा, ‘उतरणे’, ‘मुरणे’ हे सगळे शब्द कीर्तनाच्या फडावर घासून गुळगुळीत झालेले. नामाची गोडी लागते, चाल गळ्यात उतरते, ओवी मुरते. हे शब्द पेल्याभोवती ऐकले की मला चोरी झाल्यासारखे वाटते. तुम्ही म्हणाल बुवा म्हातारे झाले, शब्दांवर कुणाची मालकी नसते. नसू दे. पण ज्या घरात ‘गोडी’ हा शब्द फक्त बाटलीच्या संदर्भात उच्चारला जातो, त्या घरातल्या मुलाला हरिपाठातली गोडी कशाने समजावणार?

आता आपल्याकडे येतो. मुलाला दोष देणे सोपे आहे. आपण काय करतो? लग्नाच्या आदल्या रात्री मंडपामागे काय चालते ते आपल्याला माहीत असते, आणि सकाळी आपण त्याच मंडपात मंगलाष्टके म्हणतो. हरिनाम सप्ताहाची पंगत परमिट रूमवाल्याकडून घेतो, आणि फलकावर त्याचे नाव ज्ञानेश्वरीच्या चित्राशेजारी लिहितो. असे फलक मी एकाहून जास्त गावांत पाहिले आहेत. तिथे कीर्तनाला उभे राहून दारूवर बोलायचे म्हणजे जेवण घालणाऱ्याला ताटावरून बोल लावायचा. मग कीर्तनकार काय करतो? तो दारूवरचा भाग गाळतो आणि मोबाइलवर बोलतो. मोबाइलवाला पंगत देत नाही. वयाच्या या टप्प्यावर मला आता कोणाची बिदागी यायची नाही, म्हणून मोकळेपणाने लिहितो: जो फड दारूच्या पैशाची पंगत घेतो, त्याच्या तोंडून पुण्यातल्या मुलाला उपदेश शोभत नाही. तो मुलगा निदान आपल्या पैशाने पितो.

पुण्याच्या त्या घरातही हेच होते. आजोबांच्या विण्याला भिंतीवर गवसणी घालून ठेवली होती. मुलाची आई माळकरी, एकादशी करणारी. मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘भाऊजी, तो काय वाईट मुलांत बसत नाही हो. चांगली शिकलेली माणसे असतात. नुसती चव घेतात.’ बघा, वाक्य मुलाचे होते आणि आता ते आईच्या तोंडी बसले होते. मी म्हणालो, ‘वहिनी, तुम्हाला हे पटले आहे की बोलायला नको म्हणून म्हणता?’ त्या काही बोलल्या नाहीत, चहा ओतत राहिल्या.

गावातल्या दुकानाविरुद्ध आपल्या बायकांकडे हत्यार आहे. गावातल्या पाव भाग महिला मतदारांनी मागणी केली की मतदान लागते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली असते. निम्म्याहून जास्त महिलांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. या मार्गाने बायकांनी गावे सोडवली आहेत आणि वारकऱ्यांनी अशा प्रत्येक मतदानात बायकांच्या मागे उभे राहावे, पुढे नव्हे. पण शहरातल्या भट्टीची गोष्ट वेगळी. तिथे गावसभा नाही, वेस नाही, ओळखीचे कोणी बघत नाही. आषाढी एकादशीला राज्यभर दारूविक्री बंद असते, त्या दिवशी त्या नळाला टोपण असते. बाकीच्या दिवसांसाठी तिथे घरच्या माणसाखेरीज दुसरे कोणी नाही.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनो, एवढे करा. मुलाला दारुडा म्हणू नका. तो तुम्हाला लगेच दाखवून देईल की तो नाही, आणि तुमचे बोलणे तिथेच संपेल. त्याला चव कळत नाही असेही म्हणू नका, कळते. वही मागून घ्या, बसून वाचा, आणि त्या ५० गुणांच्या खाली आणखी एक रकाना आखायला सांगा. त्यात त्या दिवशी घरी किती वाजता आलो, कोण जागे होते, आणि कोणाशी काय बोललो, एवढेच लिहायचे. गुण त्याने द्यायचे नाहीत, घरच्यांनी द्यायचे. मी त्या मुलाला हेच सांगितले. तो म्हणाला, ‘विचार करतो.’ त्याने काय केले ते मी विचारलेले नाही. विचारणार आहे, पण पत्राने नाही, समोर बसून.

आणि येत्या सप्ताहाची वर्गणी गोळा करायला निघाल तेव्हा पंगतीच्या नावांची यादी आधी सगळ्या माळकऱ्यांसमोर वाचा. एखादे नाव अडले तर ते तिथेच, त्या माणसाला मानाने, समजावून परत करा. एक पंगत कमी पडली तर आमटी-भाकरी करू. मलकापुरात तेवढे पीठ निघेल.